पुंगळीची दिशा बदलणं वेगळं, बाजू बदलणं वेगळं

मी डावखुरा. एन.सी.सी.त पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल हातात आली, ती आपसूक डाव्या खांद्याला गेली. "उजवीकडे घे," असं लगेच सांगण्यात आलं. खरं तर त्या बोल्ट अॅक्शन रायफलीत पुंगळीचा, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणाऱ्या रिकाम्या कवचाचा, त्रास होतच नाही. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दट्ट्या, आपण हातानं मागे ओढू तेव्हाच पुंगळी बाहेर येते, तीही सावकाश. डावखुऱ्याची अडचण एवढीच की बोल्टची मूठ उजवीकडे असते. पुंगळी तोंडावर येते ती आपोआप भरणाऱ्या रायफलींमध्ये.

अशा रायफली 'डावखुऱ्यांसाठी अॅडजस्ट करता येतात' असं सर्रास म्हटलं जातं. त्यात दोन कामांची गल्लत होते. उजवीकडूनच बाहेर पडणाऱ्या पुंगळीला पुढे वळवणं हे एक काम. तिला डावीकडून बाहेर काढणं हे दुसरं. पहिल्यात बंदुकीचा जीव तोच राहतो, दुसऱ्यात आतला भाग बदलावा लागतो.

आधी पुंगळी बाहेर कशी पडते ते बघू. बोल्टच्या तोंडाशी दोन छोटे भाग असतात. एक्स्ट्रॅक्टर ही आकडी पुंगळीची कड धरून तिला नळीतून मागे खेचते. इजेक्टर आकडीच्या विरुद्ध बाजूनं तिच्या बुडाला ढकलतो. एआर-१५ या अमेरिकन रायफलींच्या घराण्यात आकडी उजवीकडे असते आणि इजेक्टर म्हणजे स्प्रिंगवरची बारीक खुंटी, ती डावीकडे. पुंगळीचं तोंड खिडकीपाशी (पुंगळी बाहेर पडायची फट) मोकळं झालं की डावीकडचा रेटा तिला आकडीभोवती गर्रकन फिरवतो आणि ती उजवीकडे भिरकावली जाते. म्हणजे आकडी ज्या बाजूला, त्या बाजूला पुंगळी.

आता खांदा बदला. उजव्या खांद्यावर रायफल असेल तर चेहरा बटच्या डावीकडे असतो आणि पुंगळी आपल्यापासून लांब जाते. डाव्या खांद्यावर चेहरा उजवीकडे येतो, खिडकीच्या बाजूला. पुंगळी थोडी जरी मागे झुकली तरी गालावर, चष्म्यावर नाहीतर उजव्या दंडावर आपटते. कॉलरमध्ये शिरली तर चटका बसतोच, पण खरा धोका वेगळा आहे. माणूस दचकतो, अंग झटकतो आणि भरलेली नळी भलतीकडे वळते. म्हणून कॉलरचं वरचं बटण लावा आणि चष्मा घालाच.

दिशा बदलण्याचं उत्तम उदाहरण याच घराण्यातली, अमेरिकी सैन्याची एम-१६. जुन्या एम-१६ए१ला डावखुऱ्यांसाठी वरच्या हँडलवर अडकवायचा प्लास्टिकचा तुकडा मिळत असे. १९८०च्या दशकात आलेल्या एम-१६ए२मध्ये खिडकीच्या मागे धातूचा त्रिकोणी उंचवटाच कायमचा आला. बरीच चाललेली अशी रायफल जवळून बघा: काळ्या उंचवट्यावर पितळेचे पिवळट ओरखडे दिसतील. पुंगळी तिथे आदळते आणि बाजूला उडते, पुष्कळदा अंगावर छोटासा पोचा घेऊन. खिडकी मात्र उजवीकडेच.

बोल्टला मागे ढकलणारा गॅस कमी-जास्त करणं किंवा बटमधला बफर (बोल्टचा धक्का झेलणारं वजन) जड घेणं, यानंही दिशा हलते. घड्याळाच्या तबकडीवर नळीचं टोक बाराकडे धरलं तर एआरची पुंगळी साधारण तीन ते साडेचारच्या दरम्यान पडावी. एक-दोनकडे पडत असेल तर बोल्ट बहुधा जास्त वेगानं मागे येतोय. पण केवळ तोंड वाचावं म्हणून गॅस वाढवू नये, रायफलीची झीज होते.

बाजू बदलण्याची गरज खरी पडते ती बुलपप रायफलीत. तिथे मॅगझिन आणि बोल्ट ट्रिगरच्या मागे असतात, म्हणजे खिडकी थेट गालाशी. तिथे पुंगळी पुढे वळवून कितीशी वळवणार? ऑस्ट्रियानं १९७७मध्ये घेतलेल्या स्टायर ऑगमध्ये दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत आणि एकीवर झाकण. डावखुऱ्यासाठी उलट्या आकडीचा बोल्ट घालायचा आणि झाकण पलीकडे लावायचं. बोल्ट बदलला पण झाकण विसरलात, तर पुंगळीला वाटच नाही, ती आतच अडकणार. फ्रान्सच्या फामासमध्ये वेगळा बोल्टही लागत नाही. त्याच बोल्टवर आकडीची जागा बदलायची आणि गाल टेकवायची पट्टी फिरवून दुसरी खिडकी झाकायची. मला ही रचना सगळ्यांत सुंदर वाटते. आपल्या स्पेशल फोर्सेसकडची इस्रायली तावोरही डावा बोल्ट घालून अशी फिरवता येते.

एआरमध्ये मात्र नुसता डावा बोल्ट घालून भागत नाही, कारण डावीकडे खिडकीच नाही. बोल्ट, त्याला धरणारा कॅरियर आणि ते दोन्ही ज्यात बसतात ते वरचं अख्खं घर डावं घ्यावं लागतं. अमेरिकेत स्टॅग आर्म्ससारख्या कंपनीनं तशा रायफली बनवल्या. साध्या ठेवणीच्या रायफलीत एवढा खटाटोप मला गरजेचा वाटत नाही, उंचवट्यानं काम होतं. ब्रिटिश बुलपप एल-८५मध्ये तर बाजू बदलायची सोयच नाही. पुंगळी उजवीकडे गालाशीच पडते, कॉकिंग हँडलही (बोल्ट ओढायची मूठ) त्याच बाजूला बोल्टबरोबर मागे येतं, म्हणून तिथल्या डावखुऱ्या सैनिकांना उजव्या खांद्यावरूनच शिकवतात.

आणि बाजू बदललेली रायफल उजव्या हाताच्या जोडीदाराला देताना तोंडानं सांगा. आता तिची खिडकी त्याच्या गालाशी आहे.