निम्फ आणि स्ट्रीमर: थंड पाण्यात वेग कुणी ठरवायचा?

थंडी पडली की ट्राउट माशाच्या मागे लागलेल्या प्रत्येकाला तोच सल्ला मिळतो: फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेलं नकली भक्ष्य, खोल घाला, हळू चालवा. सल्ला खरा आहे. पण लोक निम्फला (पाण्यातल्या अळीची नक्कल) आणि स्ट्रीमरला तो एकाच मापाने लावतात, आणि मग नदीत मासाच नाही म्हणून परत येतात.

स्ट्रीमर तुम्हाला येतो असं धरून चालतो. छोट्या माशाची नक्कल, लाइन हाताने ओढायची. पाणी ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की ट्राउटचं शरीरही तितकंच थंड होतं, पचन मंदावतं, आणि तो लांबवर पाठलाग करत नाही. म्हणून आखूड ओढ, मध्ये लांब थांबा. वेग तुमच्या हातात आहे, तो कमी करा. बास.

निम्फचा वेग तुमच्या हातात नसतो, पाण्याच्या हातात असतो. आणि ते पाणी सगळीकडे सारख्या वेगाने वाहत नाही. तळाशी दगडधोंड्यांना घासून प्रवाह मंदावतो, वरचा थर मात्र धावत असतो. खरी अळी सुटून वाहते ती तळाच्या वेगाने. तुमचा इंडिकेटर, म्हणजे लाइनला लावलेला तरंगता खुणेचा गोळा, तरंगतो वरच्या थरात, आणि खालच्या निम्फला आपल्या मागे ओढत नेतो. वरून बघाल तर सगळं झकास दिसतं: इंडिकेटर फेसाबरोबर छान चाललाय, मागे रेघ नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला हेच हवं असतं, म्हणून डोळा फसतो. उन्हाळ्यात मासा असल्या निम्फवरही झडप घालतो. थंडीत तो वीतभरसुद्धा सरकत नाही.

तेव्हा इंडिकेटरच्या शेजारचा फेस बघा. फेस पुढे निघून गेला पाहिजे, इंडिकेटर मागे रेंगाळला पाहिजे. दोघं जोडीने चालले असतील, तर निम्फ एक तर तळापर्यंत पोचलेली नाही किंवा ओढली जातेय. आधी वजन वाढवा: टंगस्टन मणी किंवा फ्लायच्या वर वीतभर अंतरावर एक शॉट, म्हणजे वजनाची छोटी गोळी. मग टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा धागा, बारीक करा, ५एक्सच्या जागी ६एक्स (आकडा मोठा, धागा बारीक). बारीक धागा पाणी लवकर कापतो. लाइन पडताक्षणी प्रवाहाच्या उलट दिशेला मेंड घाला, म्हणजे पाण्यावरची लाइन उचलून तिकडे टाका. अधूनमधून दगडाला टक्कर लागली तर ठीक. दर फेकीला अडकत असेल तर वजन जास्त झालं. माझं मत विचाराल तर इंडिकेटर काढूनच टाका आणि रॉड उंच धरून ताणलेल्या लाइनने निम्फ चालवा. वरच्या थराची ओढ जवळजवळ संपते.

दुपारभर निम्फचे नमुने बदलत, फेझंट टेल सोडून झेब्रा मिज, झेब्रा मिज सोडून आणखी काही बांधत बसणारे लोक बघवत नाहीत मला. वजनाला एकदाही हात लावत नाहीत!

बाकीचे फरक किरकोळ. स्ट्रीमरला टिपेट जाड, निम्फला बारीक. वेळ दोघांना एकच, पाणी जरा तापल्यावरची दुपार. उथळ पाण्यात खडीचा फिकट, घासल्यासारखा स्वच्छ पट्टा आणि त्यावर ब्राउन ट्राउटची जोडी दिसली, तर ती अंडी घालण्याची जागा आहे. तिथे दोन्हीपैकी काहीही टाकू नका, पायही ठेवू नका.

आणि स्ट्रीमरमध्ये लाइन सारखी ओढली जाते, त्यामुळे रॉडच्या कड्यांत बर्फ लवकर धरतो. तो नखांनी ओरबाडू नका, कडी वाकतात. रॉडचं टोक पाण्यात बुडवून धरा, सुटतो.