तोल, श्वास आणि भटकणारे मन

बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत भल्या पहाटे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. काहीजण घड्याळातील पावले मोजत झपाझप चालतात, काहींच्या कानांत इअरफोन असतात, तर काहीजण महापालिकेच्या राजकारणापासून घरच्या वाटणीपर्यंतचे सगळे विषय चालता चालताच निकाली काढतात. शरीराला याचा फायदा होतोच. परंतु 'फिरून आल्यावर डोके हलके झाले' हा अनुभव सर्वांना सारखा येत नाही. असे का होते, हे समजून घ्यायचे तर थोडे तालमीकडे वळावे लागेल.

मल्लखांब हा पैलवानांच्या सरावातला खांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. या गुळगुळीत, एरंडेल तेल चोळलेल्या लाकडावर अढी घालून उलटे राहणाऱ्या मुलाला मांडीची पकड किती घट्ट आहे, कंबर कोणत्या बाजूला कलली आहे आणि पायाचा अंगठा कुठे टेकला आहे, याचा हिशोब क्षणोक्षणी ठेवावा लागतो. डोके खाली आणि पाय वर असल्यामुळे डोळ्यांचा त्याला फारसा उपयोग नसतो. स्नायू, स्नायुबंध व सांधे यांतील संवेदक आणि आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका ही माहिती मेंदूकडे पाठवत राहतात आणि लहान मेंदू तिच्या आधारे तोल सावरतो. देहस्थितीच्या या आतल्या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने 1906 मध्ये 'प्रोप्रिओसेप्शन' असे नाव दिले.

लक्ष देण्याची आपली क्षमता मर्यादित असते. ती तोल सांभाळण्यात पूर्ण गुंतली, की कालच्या भांडणाला किंवा उद्याच्या हप्त्याला तेथे जागा उरत नाही. 'मन रिकामे करा' हा सल्ला मला म्हणूनच निरुपयोगी वाटतो; रिकामे मन भटकतेच. हार्वर्ड विद्यापीठातील दोन मानसशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये 2250 प्रौढांना मोबाईलवर दिवसभरात केव्हाही, अचानक प्रश्न विचारले, तेव्हा सुमारे 47 टक्के वेळा लोकांचे मन हातातल्या कामाऐवजी दुसरीकडेच असल्याचे आढळले, आणि अशा वेळी ते कमी आनंदी असल्याचेही दिसले.

मात्र येथे एक अडचण आहे. कोणतीही हालचाल अंगवळणी पडली, की मेंदू तिच्याकडे फारसे लक्ष न देता ती पार पाडतो आणि मन पुन्हा मोकाट सुटते. चालणे तर आपण वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच शिकलेलो असतो; त्यामुळे डेपोतल्या फेऱ्या मारताना वाटणीचा विषय डोक्यात सहज घोळू शकतो. तालमीत जुन्या पकडीत रुळलेल्या पोराला वस्ताद नवी, अवघड पकड देतो किंवा तीच पकड सावकाश करायला लावतो, त्यामागे अनुभवाचे हेच शहाणपण असावे. सावकाश केलेली हालचाल अंगवळणी पडलेल्या वेगातून बाहेर येते आणि पुन्हा लक्ष मागू लागते.

श्वासाचे काम याहून वेगळे आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरील लगाम अधिक आवळला जातो. इटलीतील संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 23 निरोगी प्रौढांना लॅटिनमधील मेरीची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला सांगितला. दोन्ही वेळा श्वसनाचा वेग मिनिटाला सहाच्या आसपास उतरला आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनक्षम झाली. म्हणजे प्रभाव धर्माचा नसून लयीचा होता! उंदरांवरील 2017 च्या एका संशोधनात तर मेंदूच्या देठातील श्वसनकेंद्रातून जागरूकतेच्या केंद्राकडे संदेश नेणाऱ्या मोजक्या पेशी नष्ट केल्यावर उंदीर विलक्षण शांत झाल्याचे दिसले. माणसात हीच जोडणी असेच काम करते, असे अद्याप म्हणता येणार नाही. पण श्वास आणि मनाची अस्वस्थता यांच्यात शारीरिक दुवा असू शकतो, हे त्यातून कळते.

तरीही झपाझप चालणाऱ्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. अमेरिकेत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 120 वृद्धांपैकी जे वर्षभर आठवड्यातून तीनदा 40 मिनिटे चालले, त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. केवळ ताण देण्याचे हलके व्यायाम करणाऱ्यांत तो थोडा आकसला. तेव्हा मनाच्या स्थैर्यासाठी सावकाश हालचाल आणि स्मृतीसाठी दमवणारे चालणे, अशी दोन्ही कामे एकाच व्यायामाकडून मागणे बरोबर नाही. महिनोन्‌महिने टिकणारी उदासी किंवा झोप उडवणारी चिंता असेल, तर मात्र डॉक्टरांकडेच जायला हवे.

ज्यांना खांबावर चढणे शक्य नाही, त्यांना सूर्यनमस्कार जवळचे आहेत. दहा स्थितींच्या एका नमस्कारात पूरक (श्वास घेणे) आणि रेचक (श्वास सोडणे) यांच्या साधारण पाच जोड्या येतात. मिनिटाला सहा श्वास धरले, तर एका नमस्काराला सुमारे 50 सेकंद आणि 12 नमस्कारांना 10 मिनिटे लागतात. शाळेच्या मैदानावर शिट्टीच्या तालावर आपण हेच 12 नमस्कार किती झटपट उरकत होतो, ते आठवून पाहावे.