'हॅव', 'हाबेन' आणि लॅटिनचा तोतया

इंग्रजी 'हॅव', जर्मन 'हाबेन', डच 'हेबेन', आइसलँडिक 'हाफा' ही सख्खी भावंडं, याबद्दल कुणाचं दुमत नाही. चौथ्या शतकातल्या गॉथिक (याच कुळातली, आता लुप्त झालेली भाषा) बायबलमध्ये 'हाबान' सापडतं, जुन्या इंग्रजीत 'हाब्बान'. त्यामागचं सगळं तर्काने मांडलेलं.

घोळ आहे तो लॅटिन 'हाबेरे'चा. अर्थ तोच, उच्चारही जवळपास तोच. पानिपतानंतरच्या तोतयासारखा भल्याभल्यांना चकवणारा. नातं मात्र शून्य. जर्मेनिक शाखेत, म्हणजे वरच्या भावंडांच्या कुळात, शब्दारंभीच्या जुन्या 'क'चा 'ह' झाला: लॅटिन 'केंतुम' (शंभर), इंग्रजी 'हंड्रेड'; 'कोर्नू' (शिंग) आणि 'हॉर्न'. म्हणजे 'हॅव'चा लॅटिन भाऊबंद 'क'ने सुरू व्हायला हवा. तसा तो आहेच: 'कापेरे', पकडणे. 'कॅप्चर', 'कॅप्टिव्ह' त्याच घरातले. इंग्रजी 'हीव्ह' (उचलणे) तर त्याला 'हॅव'पेक्षाही जवळचं.

उलट लॅटिनच्या 'ह'समोर जर्मेनिकमध्ये 'ग' येतो: 'होस्तिस' (परका, शत्रू) आणि 'गेस्ट'. त्या न्यायाने 'हाबेरे'ची जोडी लागते 'गिव्ह'शी. जवळ असणं आणि देऊन टाकणं एकाच मुळातून? इथे कोशकारांत फूट पडते. जुन्या आयरिशमधलं 'घेणे' या अर्थाचं क्रियापद मध्ये ठेवलं की देण्याघेण्याची साखळी जुळते खरी, पण लॅटिनमध्ये 'अ' आणि जर्मेनिकमध्ये 'ए' हा स्वरांचा पेच उरतोच. काही कोश तो एका ओळीत उरकतात. इतक्या सहज उरकण्यासारखा तो नाही.

पुढे गंमत अशी, की खरा आणि तोतया दोघेही एकाच चाकरीला लागले. 'लिहिलेलं पत्र माझ्याजवळ आहे' या धाटणीतून 'मी पत्र लिहिलं आहे' हा पूर्ण काळ घडला, इंग्रजी-जर्मनमध्ये 'हॅव'च्या कुळाकडून, फ्रेंच-इटालियनमध्ये 'हाबेरे'च्या वंशजांकडून. कुणी कुणाचं उचललं, हा तंटा मिटलेला नाही. येण्याजाण्याच्या क्रियापदांना पूर्वी 'असणे'च लागायचं. जर्मनमध्ये अजूनही 'इस्ट गेकोमेन'. इंग्रजीतलं 'ही इज कम' १९व्या शतकात मागे पडलं आणि ती जागाही 'हॅव'ने बळकावली.

इतकं राबल्यावर शब्द झिजणारच. 'हॅथ', 'हॅज', 'हॅड' यांतला मधला व्यंजन केव्हाच गळाला. बोलताना तर नुसता 'व्ह' उरतो, आणि 'कुड हॅव' ऐकून पोरं बिनदिक्कत 'कुड ऑफ' लिहितात.