एका डोळ्याने लढलेले मुष्टियोद्धे

२३ मे १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हॅरी ग्रेबने जीन टनीला पंधरा फेऱ्यांच्या लढतीत हरवले. पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या टनीच्या व्यावसायिक कारकिर्दीतला हा एकमेव पराभव. टनी ग्रेबपेक्षा उंच आणि वजनाने भारी होता; शिवाय आदल्याच वर्षी एका लढतीत ग्रेबच्या उजव्या डोळ्याच्या दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याला, इजा झाली होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे त्या डोळ्याची दृष्टी गेली, तरी १९२३ मध्ये त्याने मिडलवेट गटाचे जगज्जेतेपद मिळवले आणि डोळ्याची गोष्ट लपवूनच ठेवली.

डोळ्यावर समोरून ठोसा बसला की नेत्रगोल पुढून मागे दाबला जातो आणि क्षणभर मधोमध रुंदावतो. पाण्याने भरलेला फुगा दोन तळव्यांत दाबल्यावर व्हावा तसा. डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा पारदर्शक पदार्थ दृष्टिपटलाच्या पुढच्या कडेशी घट्ट चिकटलेला असतो. या धक्क्याने ती कड ओढली जाते आणि तिथे चीर पडू शकते. चिरेतून द्रव आत झिरपतो आणि भिंतीवरचा कागद ओल धरून सुटावा, तसे दृष्टिपटल मागच्या थरापासून सुटू लागते. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना प्राणवायू आणि पोषण त्याच मागच्या थरातून मिळत असल्याने सुटलेला भाग वेळेवर जोडला नाही, तर तो कायमचा निकामी होतो. सर्वांत घातक गोष्ट ही, की दृष्टिपटल सुटताना दुखत नाही.

मग एका डोळ्याने लढता कसे येते? एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहावा. हात हमखास चुकतो, कारण जवळच्या वस्तूचे अंतर मेंदू प्रामुख्याने दोन डोळ्यांतील प्रतिमांच्या किंचित फरकावरून ओळखतो. मात्र सरळ चेहऱ्याकडे येणाऱ्या मुठीची प्रतिमा एका डोळ्यातही झपाट्याने मोठी होत जाते, आणि त्या वाढीच्या वेगावरून ती केव्हा आदळेल याचा अंदाज सरावलेल्या माणसाला येतो. भरून न निघणारे नुकसान बाजूच्या दृष्टीचे असते. दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला आडवे सुमारे १८० अंश दिसते. एक डोळा गेला की त्या बाजूचे जवळजवळ ३० अंश नाहीसे होतात, कारण उरलेल्या डोळ्याच्या आड नाक येते. कडेने वळून येणारा ठोसा नेमका तिथूनच येतो.

जो फ्रेझियरच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, हे त्याने बऱ्याच वर्षांनी सांगितले. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळच्या लढतीत मुहम्मद अलीच्या ठोशांनी त्याचा चांगला असलेला उजवा डोळा सुजून जवळजवळ मिटला. अलीचा उजवा हात फ्रेझियरच्या डाव्या, म्हणजे अधू बाजूनेच येत होता आणि शेवटच्या फेऱ्यांत तो हात त्याला जवळपास दिसेनासा झाला. चौदाव्या फेरीनंतर प्रशिक्षक एडी फच यांनी, फ्रेझियरचा विरोध असूनही, लढत थांबवली. मुष्टियुद्धातला इतका योग्य निर्णय मला दुसरा आठवत नाही.

भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे वाचून घेतलेल्या चाचणीत फक्त दृष्टीचा मध्यभाग तपासला जातो. कडेची चीर पाहायची तर थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते आणि आतला पडदा कडेपर्यंत न्याहाळावा लागतो. १९८२ मध्ये शुगर रे लिओनार्डला सरावाच्या काळात डोळ्यापुढे ठिपके तरंगताना दिसू लागले. त्याने ते अंगावर काढले नाही, तो डॉक्टरांकडे गेला. डाव्या डोळ्याचे दृष्टिपटल अंशतः सुटल्याचे निदान झाले आणि मे महिन्यात बाल्टिमोर येथे शस्त्रक्रिया करून ते जोडण्यात आले. ६ एप्रिल १९८७ रोजी त्याने मार्व्हिन हॅगलरला हरवले, ते दोन्ही डोळ्यांनी पाहून.