वड-पिंपळाचं बोन्साय : पानांच्या वादाची पार्श्वभूमी

सत्तरच्या दशकात मुंबईत बोन्सायची हौस रुजली, तेव्हा शिकायला हाताशी होती ती जपानी पद्धत. तिचे नियम पाइन, ज्युनिपर, मेपल अशा थंडीत विश्रांती घेणाऱ्या झाडांवर बेतलेले. मुंबईच्या दमट हवेत त्या झाडांचा निभाव लागणं कठीण, म्हणून हौशी मंडळी ओघानंच वडा-पिंपळाकडे वळली. प्राचीन वैद्यांच्या कुंड्यांशी या कलेचं नातं जोडणारी 'वामनवृक्षा'ची कथा प्रत्येक प्रात्यक्षिकात ऐकू येते. तिला भक्कम पुरावा नाही, तेव्हा ती बाजूला ठेवलेली बरी.

इथे झाड विकत घ्यावं लागत नव्हतं. कावळे, साळुंक्या, वटवाघळं फळं खाऊन बी टाकत आणि चाळीच्या कठड्यात, मोरीच्या पाइपाच्या सांध्याशी पिंपळ उगवे. १९८२च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या भिंतींवर तर पिंपळांचं रानच माजलं. भिंतीतल्या रोपाचं बूड फुगीर असतं, मुळं फटीच्या मापाने चपटी झालेली असतात. कुंडीत हा जुनाटपणा आणायला वर्षं जातात.

अडचण आली ती पानांची. वडाचं पान १० ते २० सेंमी, पिंपळाचं देठ धरून तेवढंच किंवा जास्त, रबराच्या झाडाचं ३० सेंमीपर्यंत. फूटभर उंचीच्या झाडावर हे पान म्हणजे बाळाच्या पायात आजोबांची वहाण. त्यावर मेपलचाच तोडगा उचलला गेला : ऐन मे महिन्यात झाडाची सगळी पानं काढायची. देठ ठेवून पातं कापायचं आणि चीक वाहून थांबू द्यायचा. देठ वाळून गळतात, त्यांच्या बगलेतले डोळे फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी येते. ती संख्येनं जास्त आणि आकारानं लहान असते.

पानं अशी काढावीत की नाहीत, यावरून पडलेले दोन तट अजून मिटलेले नाहीत. पानं काढणारे म्हणतात, त्याशिवाय बारीक फांद्यांची जाळी होत नाही, आणि ते खरं आहे. पण नवी पालवी झाडाच्या साठ्यातल्या अन्नावर येते. त्याच वर्षी मुळं छाटून कुंडी बदललेली असेल, तर आधी खालची नाजूक फांदी वाळते, आणि तीच परत मिळवायला सर्वांत कठीण. शिवाय पिंपळ फाल्गुन-चैत्राच्या सुमारास आपणहून पानं टाकतो. तांबूस पालवी हिरवी होते न होते तोच मेमध्ये त्याला पुन्हा उघडं करायचं, हे कुठलं शास्त्र? त्यातून ऊन कमी आणि खत भरपूर मिळालं, तर पावसाळ्याअखेर पान पुन्हा हातभर. पान आखडतं ते मुख्यतः कडक उन्हानं आणि दाट फांद्यांनी; कात्री त्यानंतर. मोठ्या पानाचं झाड अडीच-तीन फुटांचं करावं, हा दुसऱ्या तटाचा साधा उपाय होता. तो मागे पडला, कारण खिडकीच्या ग्रिलमध्ये तीन फुटांचा वड ठेवणार कुठे?

पुढे चीनहून फुगीर मुळांची, बारीक पानांची तयार फायकस (वड-पिंपळाच्याच गोत्रातली झाडं) आली आणि हा वाद बराचसा बाजारानंच मागे टाकला. जाड बुंध्यावर बारीक पानाच्या जातीचं कलम बांधणंही रूढ झालं. वटपौर्णिमेला तोडलेल्या फांदीऐवजी कुंडीतला वड पुजावा, असा आग्रह वाढला तेव्हा खऱ्या वडाला थोडी मागणी आली, पण तीही ग्रिलच्या मापाचीच.

आता पुनर्विकासात चाळीच पडताहेत आणि काचेच्या भिंतीत पिंपळाला फट सापडत नाही. मोठं झाड ठेवायला उरली ती गच्ची. तिथे गळतीचं कारण सांगून बऱ्याच सोसायट्या कुंड्या हलवायला लावतात.