सॅलिसबरी हॉलचं लाकडी विमान: एका हौशी संग्रहालयाची पार्श्वभूमी

लंडनच्या उत्तरेला, सेंट ऑल्बन्सपासून जवळ, लंडन कॉल्नी नावाचं गाव आहे. तिथे एम-२५ महामार्गाला खेटून सॅलिसबरी हॉल हा सतराव्या शतकातला वाडा उभा आहे आणि त्याच्या आवारात डी हॅव्हिलँड विमान संग्रहालय आहे. ब्रिटनमधलं सर्वांत जुनं विमान संग्रहालय म्हणून ते ओळखलं जातं. तरी लंडनला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या यादीत ते सहसा नसतं. विमानांची आवड असलेला माणूस हेंडनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात जातो, फार तर डक्सफर्ड गाठतो. ती दोन्ही भव्य आहेत. पण विमान राखायचं म्हणजे रोज नेमकं काय करावं लागतं ते सॅलिसबरी हॉललाच कळतं, कारण इथे तिकीट देणाऱ्यापासून पंखाला रंधा मारणाऱ्यापर्यंत बहुतेक सगळे स्वयंसेवक आहेत. आणि हे सगळं उभं राहिलं ते एका माणसाने वरून आलेला हुकूम पाळला नाही म्हणून.

डी हॅव्हिलँड कंपनी आपल्याला अनोळखी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते याच कंपनीच्या पुस मॉथ विमानातून. भारतीय हवाई दलाचं पहिलं जेट, १९४८ साली आलेलं व्हॅम्पायर, हेही तिचंच. पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये परवान्यावर व्हॅम्पायर तयार होऊ लागली. १ सप्टेंबर १९६५ला, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, जम्मूतल्या छांबमध्ये हवाई दलाने पहिल्यांदा पाठवली तीही व्हॅम्पायरच, तोवर पार जुनी झालेली. त्या संध्याकाळी चार परत आली नाहीत.

कंपनीचा कारखाना हॅटफील्डला होता. १९३९च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि कारखान्यावर बाँब पडणार हे उघड होतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये आराखडे करणाऱ्यांची एक तुकडी तिथून काही मैलांवरच्या सॅलिसबरी हॉलमध्ये हलवली गेली. वाड्याभोवती पाण्याचा खंदक, आजूबाजूला शेती, येणाऱ्याजाणाऱ्याला संशय येण्याचं कारण नाही. मुख्य अभिकल्पक आर. ई. बिशप यांच्या हाताखाली इथे मॉस्किटो आकाराला आलं. कल्पना त्या काळच्या अधिकाऱ्यांना वेडगळ वाटावी अशीच होती: लाकडाचं बाँबफेकी विमान, दोन माणसं, दोन मर्लिन इंजिनं आणि बचावासाठी एकही बंदूक नाही. वेग हाच बचाव. हवाई मंत्रालयात बहुतेकांनी नाकं मुरडली. एअर मार्शल सर विल्फ्रिड फ्रीमन मात्र मागे उभे राहिले आणि १ मार्च १९४०ला पन्नास विमानांची मागणी नोंदवली गेली. लोक त्याला ‘फ्रीमनचा खुळेपणा’ म्हणत.

पहिलं विमान वाड्याशेजारी, धान्याच्या कोठारासारख्या दिसणाऱ्या शेडमध्ये बांधलं गेलं. दरम्यान ३ ऑक्टोबर १९४०ला एका जर्मन युंकर्स-८८ने हॅटफील्डच्या कारखान्यावर बाँब टाकले. २१ माणसं गेली आणि मॉस्किटोसाठी जमवलेला बराचसा कच्चा माल जळाला. तरी ३ नोव्हेंबरला विमान सुटं करून ट्रकवरून हॅटफील्डला गेलं आणि २५ नोव्हेंबरला जेफ्री डी हॅव्हिलँड धाकटे यांनी ते उडवलं. तपशीलवार आराखड्यांना सुरुवात झाल्यापासून अकरा महिन्यांच्या आत. पुढच्या फेब्रुवारीतल्या चाचण्यांत त्याने २२,००० फुटांवर ताशी ३८८ मैल वेग गाठला. तेव्हाचं स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान मागे पडलं.

संग्रहालयात मॉस्किटोच्या अंगाचा उघडा छेद दिसला की तिथे थांबावं. बाहेर आणि आत बर्च लाकडाचं पातळ प्लायवूड आणि मधल्या पोकळीत बाल्सा: नखाने ओरखडा उमटेल इतकं मऊ, हातात घेतलं तर वजन जाणवू नये इतकं हलकं. हे तिन्ही थर साच्यावर वाकवून चिकटवले की जी ताकद येते, ती यातल्या एकट्या कुठल्याही लाकडात नाही. धडाच्या दोन उभ्या फाका भुईमुगाच्या टरफलांसारख्या वेगवेगळ्या घडवायच्या, तारा, नळ्या, केबल आतून बसवून घ्यायच्या आणि मगच त्या जोडायच्या. फाक उघडी असल्याने कामगाराला विमानाच्या पोटात अंग चोरून शिरावं लागत नसे, म्हणून काम झपाट्याने होई. वरून मादापोल्लम हे सुती कापड ताणून रोगण लावायचं; कापडाला नाव मिळालं ते आंध्रातल्या नरसापूरजवळच्या वस्तीचं. ॲल्युमिनियमची टंचाई होती, पण फर्निचर करणारे सुतार रिकामे होते. हाय विकमचे खुर्च्या-टेबलांचे कारखाने विमानाचे भाग करू लागले. एकूण ७,७८१ मॉस्किटो बनली.

सुरुवातीला जोडणीला वापरला तो केसीनचा सरस, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. दमटपणा आणि बुरशी यांच्यापुढे तो टिकत नसे, म्हणून नंतर फॉर्मल्डिहाइडचे कृत्रिम गोंद आले. १९४४च्या शेवटी भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही मॉस्किटोंचे पंख हवेतच तुटले. इथल्या हवेने सांधे उकलले, असा सगळ्यांचा समज झाला. कंपनीने मालकांचे भाऊ हेरवर्ड डी हॅव्हिलँड यांना भारतात धाडलं. त्यांनी सरसाला निर्दोष ठरवलं आणि पावसाळ्यात विमानाचं लाकूड आकसल्याचं सांगितलं. नंतरच्या सरकारी चौकशीत मात्र दोष कंपनीच्याच कारखान्यांतल्या ढिसाळ जोडणीचा निघाला. इलाज साधा निघाला, पंखावरच्या सांध्यावर प्लायवूडची एक जास्तीची पट्टी. पावसाळ्याच्या माथी खापर फोडून मोकळं होणं किती सोपं होतं! कंपनीच्या माणसाने तेच केलं; चौकशी करणाऱ्यांनी ते मानलं नाही, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

१९४७मध्ये कंपनीने सॅलिसबरी हॉल सोडला आणि वाडा पडीक झाला. पहिल्या मॉस्किटोचं, म्हणजे डब्ल्यू ४०५०चं, आयुष्यही संपलं होतं. ते जाळून टाकायचं ठरलं होतं. युद्धानंतर हजारो विमानं अशीच गेली आणि लाकडाच्या विमानातून तर भंगारवाल्याला मिळण्यासारखंही फार काही नसतं. पण हॅटफील्डला प्रसिद्धीचं काम पाहणारे बिल बेअर्ड यांनी ते जाळलं नाही. या हँगरमधून त्या हँगरमध्ये, वरिष्ठांच्या नजरेआड, वर्षानुवर्षं ते विमान लपवत फिरवलं.

१९५५ साली वॉल्टर गोल्डस्मिथ नावाच्या निवृत्त मेजरने वाडा राहायला घेतला. दुसऱ्या चार्ल्सची लाडकी नटी नेल ग्विन इथे राहायची, चर्चिलच्या आईचाही इथे मुक्काम होता, एवढं आसपासचे लोक सांगत. मॉस्किटो इथे जन्मलं हे गोल्डस्मिथना नंतर कळलं. त्यांनी कंपनीला विचारलं, त्या काळातलं काही शिल्लक आहे का? बेअर्डकडे अख्खं विमान शिल्लक होतं. १९५८मध्ये ते सॅलिसबरी हॉलला परतलं आणि १५ मे १९५९ रोजी संग्रहालय उघडलं. अठरा वर्षांपूर्वी याच तारखेला डब्ल्यू ४०५२ हे लढाऊ मॉस्किटो वाड्यामागच्या शेतातून थेट उडालं होतं.

इथे आपल्या विक्रांतची आठवण येतेच. १९९७ला नौदलातून निवृत्त झालेली ही युद्धनौका २००१पासून मुंबईत संग्रहालय होती. २०१२ला ती असुरक्षित म्हणून बंद झाली आणि २०१४ला मुंबईतल्याच दारूखाना इथल्या जहाजतोडणीच्या आवारात तोडायला गेली. विमानवाहू नौका कोठारात लपवता येत नाही, हे मान्य. तिच्या डागडुजीचा खर्चही हौशी मंडळींच्या आवाक्यातला नव्हता. हौशी संग्रहालयाचं गणित जमतं ते वस्तू माणसाच्या हाताच्या मापाची असेल तरच, आणि मॉस्किटो तशी आहे. सुताराच्या हातची वस्तू दुसरा सुतार दुरुस्त करू शकतो. टायटॅनियमच्या जेटबद्दल असं म्हणता येणार नाही.

पहिली काही वर्षं एका विमानाचीच होती. १९६०च्या दशकाच्या शेवटी व्हॅम्पायर आलं, पुढच्या दशकात स्वयंसेवकांचं मंडळ उभं राहिलं आणि मग ओघ सुरू झाला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅटफील्डचा कारखाना बंद पडला. तिथे आता विद्यापीठ आणि व्यापारी संकुलं आहेत. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसांना आपल्या हातचं काम पुन्हा हाताळायला उरलेली जागा म्हणजे हे संग्रहालय. इथलं टीए १२२ हे मॉस्किटो पाहिलं की या मंडळींची चिकाटी कळते. त्याचं धड नेदरलँड्समधून आलं आणि पंख दुसऱ्याच मॉस्किटोचा, इस्रायलमधल्या किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतवस्तीवर, सापडलेला. शुद्धतेचा आग्रह धरणारे यावर नाक मुरडतात. पण खुद्द डब्ल्यू ४०५०चं धड १९४१च्या फेब्रुवारीत खडबडीत मैदानावर शेपटाचं चाक अडकून तडकलं होतं आणि ते दुरुस्त करताना डब्ल्यू ४०५१चं धड कामी आलं होतं. युद्धातही हेच चालत असे. २०१०च्या सुमारास डब्ल्यू ४०५०च्या मोठ्या जीर्णोद्धाराचं काम हाती घेतलं गेलं आणि पुढची काही वर्षं ते चाललं.

मॉस्किटोइतकाच वेळ द्यावा असं दुसरं विमान म्हणजे कॉमेट. जगातलं पहिलं प्रवासी जेट २ मे १९५२ला लंडनहून जोहान्सबर्गला निघालं. त्याच वर्षी लंडन-कोलंबो मार्गावर ते मुंबईलाही उतरू लागलं. बरोबर वर्षाने, २ मे १९५३ला, कलकत्त्याजवळ वादळात एक कॉमेट कोसळलं आणि त्यातले सगळे ४३ जण गेले. १९५४च्या जानेवारीत दुसरं एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये तिसरं नेपल्सजवळ समुद्रात पडलं. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात एक अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा ३,०५७ उड्डाणांइतक्या ताणानंतर ते फाटलं. धातू थकतो, हे त्या पत्र्याने जगाला दाखवलं. एल्बाच्या अवशेषांत चीर सापडली ती छतावरच्या अँटेनाच्या खिडकीपाशी. प्रवाशांच्या चौकोनी खिडक्यांना नंतर सगळा दोष चिकटला, तो अर्धवट खरा आहे.

त्या चौकोनी खिडक्या असलेलं, एके काळी एअर फ्रान्सकडे असलेलं कॉमेट १-एचं धड इथे आहे. पंख नाहीत. आतली आसनं आणि चालककक्ष स्वयंसेवकांनी पुन्हा उभे केले आहेत. आत शिरलात तर खिडकीच्या कोपऱ्यांची गोलाई आणि शेजारच्या रिव्हेटांची रांग जवळून पाहा, आणि भोवती असलेल्या स्वयंसेवकाला त्याबद्दल खुशाल विचारा. पाटीवर मावत नाही तेवढं ते सांगतात, कधी कधी घड्याळाकडे बघावं लागेपर्यंत.