११ महिन्यांचा करार म्हणजे नोंदणी नको, फोटो नकोत?

नागपुरात भाड्याने घर घेताना हे हमखास ऐकू येतं, ११ महिन्यांचाच करार आहे ना, मग रजिस्टर कशाला अन् घराचे फोटोबिटो कशाला. साफ चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे हाच आपला ११ महिन्यांचा भाडेकरार) कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

पण नुसत्या नोंदणीने डिपॉझिट वाचत नाही हो, कारण करारात बहुतेकदा "घर सुस्थितीत मिळालं" एवढंच असतं, मग आधीची खराबीही तुमच्याच माथी येऊ शकते. म्हणून सामान आत नेण्याआधीच सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, खिडकीतल्या कूलरखाली भिंत फुगून पोपडे निघाले असतील, नळावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर जवळून फोटो घ्या, मीटरचं रीडिंगही, अन् त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲप करून "मिळालं" एवढं उत्तर मागून घ्याच.